पान ११२ वरचा माणूस

शहापूर, १२ ऑगस्ट २०२५

देवराम,

शहापूर-मुरबाडच्या शाळांत शिकून पुढे गेलेली आपण जी मूठभर माणसं आहोत, त्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे आणि ती तूच सर्वांत चांगली मांडायचास. आपल्याबद्दल जे लिहिलं जातं ते दुसरेच लिहितात. जीपमधून उतरतात, सरपंचाकडे जेवतात, दोन दिवसांत वह्या भरतात आणि शहरात जाऊन आपल्यावर अहवाल काढतात. त्यात आपण बिचारे तरी असतो नाहीतर गुन्हेगार तरी. बी.ए.ला असताना तू म्हणाला होतास, "ताई, मी लिवीन तवा असं होनार नाय." मला त्या वाक्याचा किती अभिमान होता! आज त्याच वाक्याची चीड येते.

आईच्या तेराव्यानंतर नऊ वर्षं आपण बोललो नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते. ख्यालीखुशाली विचारायला नाही.

आवळीच्या वाडीच्या वाळूला गेल्या डिसेंबरात जन्मठेप झाली. ठमीचा नवरा वाळू. ज्याच्या ओटीवर तू तुझ्या पीएच.डी.साठी चौदा महिने राहिलास तो.

२०२२च्या फेब्रुवारीत वाडीखालच्या ओढ्यात एक माणूस मेलेला सापडला. धरणासाठी जमीन मोजायला खाजगी कंपनीची माणसं आली होती, त्यांतला साखळी धरणारा. डोक्याला मार होता. कड्यावरून पडला असेल किंवा कुणी दगड घातला असेल, दोन्ही शक्य, असं डॉक्टर म्हणाला. सोबतचे आदल्या दिवशीच सामान उचलून गेले होते. त्याचं नावही वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. वाळू त्याच्या उशाशी बसला. पळसाच्या द्रोणात तांदूळ घेऊन, द्रोण मांडीवर, तोंडातून शब्द नाही. प्रेत उचलेपर्यंत बसला. मग मिशी काढली आणि घरात न जाता अंगणात झोपू लागला. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला उचललं. मोजणीवाल्यांना परत पाठवायला जी माणसं रस्त्यावर उभी राहिली होती त्यांत वाळू पुढे होता, तेव्हा कारणही तयार होतं.

आणि पुरावा तू दिलास. सरकारी वकिलांनी तुझं इंग्रजी पुस्तक न्यायालयात ठेवलं. पान ११२. मी मराठीत उतरवते, आपल्या भाषेत ते कसं ऐकू येतं बघ: 'ह्या वाड्यांत ज्याच्या हातून मृत्यू घडतो, तो तांदूळ घेऊन मृताजवळ बसतो. हा शब्दांवाचून दिलेला कबुलीजबाब असतो आणि तो कधीही खोटा नसतो.' वाडीचे चार म्हातारे साक्षीला उभे केले. वाळू बसला होता का? हो. तांदूळ घेऊन? हो. तो का बसला, हे कुणी विचारलंच नाही, कारण त्याचं उत्तर छापून आलेलं होतं. वाळूला सरकारकडून मिळालेला वकील 'काही विचारायचं नाही' म्हणून खाली बसला.

निकालपत्राच्या एकेचाळिसाव्या परिच्छेदात तुझं नाव आहे, पदव्यांसकट.

'कधीही'! देवराम, तू किती जणांना बसलेलं पाहिलंस? एकाला. धोंडीबाबाला, २००५ साली, बांगड्या विकणाऱ्या त्या कासाराच्या उशाशी. एकाच्या जोरावर तू 'कधीही' लिहिलंस.

आणि ते चूक आहे हे तुला ठाऊक आहे. पुस्तक छापण्याच्या दोन वर्षं आधी, २००९ साली, मी तुला कळवलं होतं की मारणारा बसत नाही. ज्या मेल्याला रडायला कुणी नाही, त्याच्यासाठी वाडीतला एक जण बसतो, दहा दिवस त्याचा घरचा होतो. तुझं उत्तर माझ्याजवळ आहे. 'ताई, तू शिक्षिका आहेस, संशोधक नाहीस.'

अपील दाखल झालं आहे. वकील भूमिका, कसाऱ्याच्या रेल्वेवाल्याची मुलगी, अजून तिशीचीही नाही. तिला तुझ्याकडून एक प्रतिज्ञापत्र हवं आहे. दे.

चंदा

*

शहापूर, ३० ऑगस्ट

देवराम,

मी तुला पत्र लिहिलं आणि उत्तर तुझ्या संशोधन सहायकाचं आलं. 'आदरणीय मॅडम, सर परिषदांच्या दौऱ्यावर असून संशोधनातील सहभागी व्यक्तींच्या गोपनीयतेमुळे कोणतंही निवेदन देणं त्यांना शक्य नाही.' खाली सही ओमकारची. त्या पोराचं मराठी चांगलं आहे. त्याला सांग, मॅडम म्हणू नकोस, आत्या म्हण.

कोणाची गोपनीयता? धोंडीबाबाची? तो २०१२ सालीच गेला. वाळूची? त्याचं नाव, वय, जात, गाव आणि मिशी काढल्याची तारीखसुद्धा निकालपत्रात आहे. राहिलास फक्त तू.

भूमिकाने मला तिच्या मोबाइलवर तुझ्या विद्यापीठाचं पान दाखवलं. टाय लावलेला फोटो. जिल्हा परिषदेची शाळा, वकिलीची पदवी, गुन्हेगारीशास्त्रात पीएच.डी., परदेशातली शिष्यवृत्ती, अडतिसाव्या वर्षी प्राध्यापक, आता विभागप्रमुख. ही यादी मला पाठ आहे. कितीतरी सभांमध्ये मी ती आपल्या पोरापोरींना म्हणून दाखवली आहे. खाली 'संशोधनाचे विषय' म्हणून चार ओळी. ग्रामीण पोलीसव्यवस्था. पारंपरिक न्याय. कच्चे कैदी. वाळू पावणेतीन वर्षं कच्चा कैदी होता. त्याच काळात तुझे कच्च्या कैद्यांवर तीन लेख आले, तारखा तिथेच आहेत.

चौथा विषय वाचून भूमिका हसायला लागली. मला वाटलं मुलगी रडते की काय. 'निरपराधांना होणाऱ्या शिक्षा.'

ती म्हणाली, "ताई, सरांना आता प्रवास करायला नको. विषय घरीच आलाय."

आणखी एक कागद तिने काढला. खटला चालू असताना सरकारी वकिलांनी तुला ईमेल पाठवला होता. पान ११२ वरचं मत अजून कायम आहे का, एवढंच विचारलं होतं. तुझं उत्तर एका ओळीचं. 'मी माझ्या निष्कर्षांवर ठाम आहे.' जन्मठेपेच्या खटल्यात एक ओळ! पुस्तकाची दुसरी आवृत्ती जानेवारीत येते आहे हेही त्या पानावर वाचलं. नव्या प्रस्तावनेसह. तिला किती ओळी दिल्यास?

चंदा

*

शहापूर, १५ सप्टेंबर

देवराम,

काल ठमीबरोबर वाळूला भेटून आले. मध्ये काच, कानाला फोन. केस पांढरे झालेत. मला बघून उभा राहिला, वर्गात मुलं उभी राहतात तसा, आणि पहिला प्रश्न तुझा.

"बाई, देवरामभाव बरा हाय ना? त्याचं पोट दुखतं का अजून?"

नाचणीची भाकर खाऊन तू तीन दिवस ओटीवर आडवा पडला होतास, ते त्याच्या लक्षात आहे.

मग तो बोलला ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण तू माणसांचं बोलणं उतरवून घेणारा माणूस आहेस.

"बाई, त्याचं नाव शाम व्हतं. मला कागदावरून कळलं, कोर्टात वाचला तवा. आमाला नाव ठावं नव्हतं, तसाच बसलो मी. पन दहा दिस पुरं नाय झालं. तिसऱ्या दिशी मला उचललं. सात ऱ्हायलं. हितं बाहेर झोपू देत नाय, बराकीत कोंडतात. तुमी शिकलेल्या हायत, ईचारा ना कोनाला. हे हितले दिस त्यात धरतात का?"

साडेतीन वर्षं आत बसलेल्या माणसाला आपल्या सुटकेची नाही, त्या परक्या माणसाच्या उरलेल्या सात दिवसांची चिंता आहे. मी पाच हजार लोकांपुढे कागदाशिवाय दोन तास बोलले आहे. काल 'विचारते' एवढंच म्हणाले. ठमीने माझ्या हातातला फोन घेतला आणि त्याला खडसावलं, "तुझं पैलं बघ रे. शाम कुठं जात नाय."

परत येताना मुरबाडच्या जीपमध्ये ठमी तुझ्यावर घसरली. तुझ्या शास्त्राची तिने केलेली समीक्षा मी दिल्लीकडच्या कुठल्याही परिषदेत वाचून दाखवायला तयार आहे. "तुमचा भाव चौदा महिने ऱ्हायला आमच्यात. इचारायचा लय. पन आमी सांगाया लागलो का लगी लिवाया घ्यायचा. लिवताना मानूस आयकतो काय?"

मी म्हटलं, ठमी, एवढं मला सांग, धोंडीबाबाने त्या कासाराला काही केलं होतं का?

ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "बाई, बाबा तवा वाडीत तरी व्हता का? कासार भरदुपारचा मोहाखाली झोपला तो उठलाच नाय. बाबा त्या दिशी मुरबाडच्या बाजारात. तुमच्या भावासंगं! भावानं त्याला चष्मा घेऊन दिला ना. सांजच्याला जीपातून उतरला तो चष्मा लावूनच, आमी हसलो. मंग कळलं कासार मेला. तसाच जाऊन बसला, चष्मा पन काढला नाय."

घरी आले आणि तुझं पुस्तक काढलं. पान ९, प्रस्तावना. '२२ जानेवारी २००५. आज दिवसभर मी एका वृद्ध सोबत्याबरोबर आठवड्याच्या बाजारात होतो. त्याला चष्मा घेऊन दिला. वाचता येत नसूनही तो संध्याकाळपर्यंत दुकानांच्या पाट्या बघत हिंडला.' सुंदर लिहिलं आहेस. पान ११२: 'फेरीवाल्याचा मृत्यू २२ जानेवारीच्या दुपारी झाला.' त्याच्या उशाशी बसलेला वृद्ध तिथे आहे. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही.

दोन्ही पानांवर तू नाव दिलेलं नाहीस. तो एकच माणूस आहे, हे पुस्तक वाचून कुणालाही कळणार नाही. तुझ्या एकमेव खुन्याचा मुरबाडच्या बाजारातला साक्षीदार तू स्वतः आहेस.

विसरलास की चष्मा काढून घेतलास?

चंदा

*

शहापूर, २२ सप्टेंबर

देवराम,

आज तू फोन केलास. मी दोन वाक्यं बोलायच्या आत आवाज चढवलास, मग मीही चढवला, आणि आपल्यात काय ठरलं ते कुणालाच कळलं नाही. म्हणून बोलणं लिहून ठेवते. तूच शिकवलं आहेस, नोंद त्याच दिवशी करावी.

तू म्हणालास, सरकारी वकिलांच्या ईमेलमध्ये आरोपीचं नाव नव्हतं.

मी विचारलं, विचारलंस का?

"नाही."

गाव विचारलंस?

"ताई, मला महिन्याला असे वीस ईमेल येतात."

बरं. मग तू म्हणालास, एका उदाहरणाने सिद्धांत पडत नाही. मी म्हटलं, उभाही एकाच उदाहरणावर आहे. त्यावर तू हसलास. ते हसणं मला ओळखीचं आहे. मामाच्या घरची काच फोडून तू असाच हसला होतास.

मी विचारलं, चष्मा?

तुझ्या मागे कुठेतरी लिफ्टची घंटा वाजली. मग तुझं इंग्रजी गेलं, विद्यापीठ गेलं, आणि तू आपल्या गावच्या भाषेत बोललास. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "प्रुफं तपासताना ध्यानात आलं मला. दोन तारखा समोर आल्या. मंग काय करू? त्या एका गोष्टीवर आख्खं पुस्तक उभं व्हतं. नोकरी पक्की व्हायची व्हती. धोंडीबाबाला कोन धरनार व्हतं? कोनाचं काय वाईट झालं त्यानं?"

बरोबर आहे, तेव्हा कुणाचंच झालं नाही. २०११ साली तू खोटं छापलंस आणि ते अकरा वर्षं कपाटात निवांत पडून राहिलं. मग वाळू एका अनोळखी माणसाच्या उशाशी बसला.

तू म्हणालास, प्रतिज्ञापत्र दिलं तर दुसरी आवृत्ती थांबेल. चौकशी समिती बसेल. तुझ्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या सहा जणांचं काय? मी त्या सहा जणांचा विचार केला, खरंच केला. त्यांना तुझ्या हाताखालून आजच काढावं असं मला वाटतं.

आणि शेवटी तू जे विचारलंस, त्यानंतर मी फोन ठेवला. "ताई, मला हे कोनी सांगितलं व्हतं, ते तरी आठवतं का तुला?"

आठवतं.

चंदा

*

शहापूर, ३ ऑक्टोबर

देवराम,

दहा दिवस ह्या पत्रासाठी कागद काढत होते आणि ठेवत होते.

२३ जानेवारी २००५. सकाळी आपण दोघं वाडी चढलो. तू बाजारातून परस्पर घरी मुक्कामाला आला होतास; मी, रविवार असूनही, सव्वीस जानेवारीच्या तयारीला निघाले होते. धोंडीबाबा बसला होता. तू थांबलास आणि मला विचारलंस, "ताई, हा असा का बसलाय?"

वाडीच्या शाळेत माझं ते आठवं वर्ष होतं. तुला मी सगळीकडे सांगून ठेवलं होतं की ह्या वाडीचं पानपान मला ठाऊक आहे. आणि मला काहीही माहीत नव्हतं. आठ वर्षांत माझ्यासमोर कुणी बसलं नव्हतं. बाजूला चार बायका उभ्या होत्या, ठमीही असेल. त्यांना विचारायला दहा पावलं चालावं लागलं असतं, आणि शिकलेल्या धाकट्या भावासमोर बाईंना माहीत नाही हे उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "ज्याच्या हातून झालं तो बसतो."

जागेवर रचलं. ऐकायला खरं वाटलं. तू वही काढलीस.

तुझ्या पान ११२ खाली बारीक अक्षरात टीप आहे: 'ह्या वाड्यांशी आठ वर्षांचा संबंध असलेल्या स्थानिक शिक्षिकेने ह्याला दुजोरा दिला.' जूनमध्ये भूमिकाने मला विचारलं होतं, "ताई, ही शिक्षिका कोण हो? तेव्हा वाडीवर कोण होतं?" मी सांगितलं, चार-पाच जणी बदलून गेल्या, नाव लक्षात नाही.

अजून एक. २०११ साली शहापुरात तुझा सत्कार झाला तेव्हा मुख्य भाषण माझं होतं. वाडीवर उशिरा खरं ऐकून तुला २००९चं ते पत्र लिहिलं, त्याला दोन वर्षं झाली होती. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मी व्यासपीठावरून पान ११२ मराठीत वाचून दाखवलं. आमच्या डोंगरातला माणूस खोटं बोलत नाही, असं गरजले. टाळ्या तुला पडल्या नाहीत, मला पडल्या. पोलीस पाटील पहिल्या रांगेत बसला होता. वाळू बसला आहे ही खबर पोलिसांना त्यानेच दिली.

तेव्हा मागची चार पत्रं तुला लिहिणारी बाई कोण आहे, हे आता तुलाही कळलं. तुझ्यावरचा राग मात्र काडीनेही कमी झालेला नाही. मी अज्ञानातून बोलले, मग भित्रेपणाने गप्प राहिले. तू दोन तारखा समोर ठेवून, बघून, छापलंस.

परवा भूमिकाला सगळं सांगितलं. कोर्टासमोर तिचं टेबल आहे, झेरॉक्सवाल्याच्या छपराखाली. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, हे जूनमध्ये का नाही सांगितलं?"

सांगितलं असतं तर?

"जुलैमध्ये त्यांचा जामीन फेटाळला गेला. कदाचित गेला नसता. मला माहीत नाही. पण माझ्या हातात काहीतरी असतं ना!"

मग आवळीच्या वाडीला गेले. ठमी अंगणात वाल सोलत होती. तिलाही सांगितलं. ती शिव्या देईल, हाकलून देईल, ह्याची तयारी करून गेले होते. तिने हातातली शेंग पूर्ण सोलली.

"बाई, ठावं नव्हतं तं ईचारायचं व्हतं. मी शाळेच्या मागंच तं ऱ्हाते."

एवढंच. परत वाल सोलायला लागली.

चंदा

*

शहापूर, ७ ऑक्टोबर

देवराम,

काल मी माझं प्रतिज्ञापत्र दिलं. ती शिक्षिका मी, ते वाक्य मी रचलेलं, पोलीस पाटलासमोर ते गर्जणारीही मीच. सही करताना नोटरी चष्म्यावरून बघत होता. त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली. आज सकाळी दुधाच्या रांगेत दोघी जणी माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात धरणाच्या विरोधात सभा आहे, तिथे मी बोलू नये असा निरोप आला आहे. हे मी तुझी कणव मागायला लिहीत नाही. खरं लिहून दिलं की काय होतं, ह्याची तुला आगाऊ कल्पना असावी म्हणून लिहिते. तरी काल रात्री जेवण गेलं, झोप लागली.

पण माझ्या सहीने पान ११२ पूर्ण पडत नाही. भूमिकाने मला नीट समजावून सांगितलं. सरकारी वकील म्हणतील, बाई चुकल्या असतील, पण प्राध्यापकांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि बाई भावाशी भांडलेल्या आहेत. ठमी बोलली तर म्हणतील, आरोपीची बायको. वाडीतले म्हातारे बोलले तर म्हणतील, आरोपीची वाडी. बसणारा धोंडीबाबा त्या दुपारी कासाराच्या आसपासही नव्हता, हे पाहिलेला आणि वाडीबाहेरचा असा एकच माणूस जिवंत आहे.

उच्च न्यायालयात दोन अर्ज आहेत, नवा पुरावा घेण्याचा आणि शिक्षा थांबवून जामीन देण्याचा. दोन्हींची सुनावणी गुरुवारी, १६ तारखेला. मग दिवाळीची सुट्टी. ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल ते भूमिका सांगू शकत नाही. तिच्या हातातल्या एका अपिलाला चार वर्षं झाली आहेत. वाळू एकावन्न वर्षांचा आहे. गेल्या महिन्यापासून त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही. ठमीने काचेपलीकडून तीनदा तेच विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तू वकिलाकडून मसुदा तपासून घेशील, विद्यापीठाला विचारशील, 'त्या काळातील उपलब्ध माहितीच्या मर्यादेत' असं काहीतरी लिहून पाठवशील, हे मला दिसतं आहे. तसलं पाठवू नकोस. भूमिका ते दाखल करणार नाही. मजकूर तिने तयार ठेवला आहे, पाच ओळी, साधं मराठी, तुझ्या पदव्या त्यात नाहीत. माझ्याशी बोलायची गरज नाही. माझ्या घरी उतरायचीही नाही. मी त्या दिवशी वाडीवर असेन.

सोमवारी, १३ ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता शहापूरच्या कोर्टासमोर भूमिकाच्या टेबलाशी ये, आणि पान ९ वरचा माणूस व पान ११२ वरचा माणूस एकच आहे, हे शपथेवर लिहून सही कर.

चंदा